दाताचा फोटो किती सुंदर हवा?



तुमच्या कामाबद्दल बोला, असं या मालिकेच्या संयोजकांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. माझं काम सांगायला लागलं की समोरचा माणूस नकळत गालाला हात लावतो. मी दातांचे एक्स-रे काढणारी मशीन तपासते. दात नव्हे, मशीन. फोटो कसा येतोय आणि त्यासाठी पेशंटला रेडिएशन किती बसतंय, ही दोन मापं काढायची आणि शेजारीशेजारी मांडायची. चौदा वर्षं हेच करतेय, बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत.

इलेक्ट्रॉनिक सिटी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर काचेच्या इमारती आणि गळ्यात पट्टे घातलेली मुलं येतात. पण हे गाव सॉफ्टवेअरसाठी वसलं नव्हतं. १९७८ साली केऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या कंपनीने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या दोन गावांच्या ३३२ एकर जमिनीवर ही वसाहत उभी केली, ती वस्तू बनवणाऱ्या कारखान्यांसाठी. आर. के. बाळिगा यांची ती कल्पना. आजही मोठ्या इमारतींच्या मागच्या गल्ल्यांत शिरलात तर सोल्डरिंगचा वास येतो. आमची जागा अशाच एका गल्लीत आहे. तळमजल्यावर शिशाचा पत्रा ठोकलेल्या दाराची खोली, दारावर लाल दिवा, आणि आत खुर्चीवर बसलेलं एक डोकं. त्या डोक्याबद्दल पुढे सांगते.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. कारण जे सांगणार आहे त्यात एक चूक आहे, आणि तिच्यावर माझीही सही आहे.

माझं माहेर मिरजेचं. धाकटी बहीण तिथेच असते. तिची मुलगी, माझी भाची, तेव्हा बारा वर्षांची होती. वरचा उजवीकडचा सुळा येईना. दुधाचा पडून कितीतरी महिने झाले, पक्क्याचा पत्ता नाही. डॉक्टरांनी तपासलं, आधी साधा ओपीजी काढला. सुळा हाडात आडवा अडकलेला दिसला. तो शेजारच्या दाताच्या मुळाला घासतोय का, पुढच्या बाजूला आहे की टाळूच्या, हे सपाट फोटोत कळत नाही. म्हणून त्यांनी सीबीसीटी सांगितला, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. ते बरोबरच होतं. अशा सुळ्यासाठी हा स्कॅन खरोखर उपयोगी असतो.

संध्याकाळी बहिणीचा फोन.

"ताई, सीडी दिलीय. तुझं कामच ना हे, बघ ना जरा. दोनदा काढला फोटो."

"दोनदा का गं?"

"हलली म्हणे ही. पहिला पुसट आला."

मागून भाचीचा आवाज आला, "मावशी, मी हलले नाही, ते मशीनच किती वेळ फिरत होतं!"

फाइल्स आल्या. अशा प्रत्येक फोटोबरोबर माहितीचं एक पान असतं, ते डॉक्टर क्वचितच उघडतात. मशीन कुठलं, किती किलोव्होल्ट, किती मिलिअँपिअर, किती सेकंद, किती क्षेत्रावर किरण पडले. सवयीने मी आधी ते पान उघडलं. मशीन आमचं होतं. मोड होता हाय डेफिनिशन. पेशंट: प्रौढ. क्षेत्र: दोन्ही जबडे पूर्ण. आणि हे सगळं दोनदा, काही मिनिटांच्या अंतराने.

ऑपरेटरने यातलं काहीही निवडलेलं नव्हतं. मशीन सुरू झालं की जे पडद्यावर आपोआप येतं, तेच त्याने राहू दिलं होतं. आणि ते आपोआप येणारं काय असावं, हे ठरवणाऱ्या कागदावर दोन वर्षांपूर्वी माझी सही झाली होती.

आता हे नीट समजायला आपण थोडं मागे जाऊ.

रॉन्टगेनला क्ष-किरण सापडले ८ नोव्हेंबर १८९५ला. दोन महिने झाले असतील-नसतील, तर जानेवारी १८९६मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावात ऑटो वाल्कहॉफ नावाच्या दंतवैद्याने स्वतःच्याच दातांचा फोटो काढला. त्यासाठी तो किती वेळ किरणांसमोर राहिला? पंचवीस मिनिटं. आज तुमच्या दाढेचा छोटा एक्स-रे सेकंदाच्या काही अंशात होतो. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सला एडमंड केल्स नावाचे दंतवैद्य होते, तेही या कामातल्या अगदी पहिल्यांपैकी. तेव्हा किरणांचा जोर मोजायचं उपकरण नव्हतं. म्हणून फोटो काढण्याआधी ते स्वतःचा हात ट्यूबसमोर धरायचे आणि पडद्यावर हाडं कशी दिसतात ते बघून ट्यूब जुळवून घ्यायचे. दर पेशंटला असं. कॅन्सर झाला, बोटं गेली, मग हात गेला, कित्येक शस्त्रक्रिया झाल्या, आणि १९२८ साली त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

मशीन तपासायला जी नकली वस्तू किरणांसमोर ठेवतात तिला आम्ही फॅन्टम म्हणतो. कामाला नवीन मुलगा किंवा मुलगी लागली की मी हे सांगते: या धंद्यातला पहिला फॅन्टम केल्स यांचा हात होता.

आमचा आजचा फॅन्टम साधा आहे. सोळा सेंटीमीटर व्यासाचा अ‍ॅक्रिलिकचा गोल ठोकळा, साधारण डोक्याएवढा. त्यात खाचा, खाचांत वेगवेगळे तुकडे: अ‍ॅल्युमिनियम, टेफ्लॉन, हाडासारखा पदार्थ, नुसती हवा, एक बारीक तार. याचा स्कॅन काढायचा आणि बघायचं. तार किती बारीक दिसते? एका मिलिमीटरमध्ये रेघांच्या किती जोड्या वेगळ्या मोजता येतात? टेफ्लॉन आणि अ‍ॅक्रिलिक यांच्यात उठाव किती? आणि जिथे सगळीकडे एकच करडा रंग दिसायला हवा, तिथे दाणे किती दिसतात?

हे दाणे म्हणजे आमच्या धंद्याचं मूळ दुखणं. ते समजलं की बाकी सगळं समजतं, म्हणून इथे जरा थांबते.

अंगणात फरश्या आहेत आणि पावसाची पहिली सर आलीय, असं समजा. दर फरशीवर सरासरी शंभर थेंब पडले. पण मोजलेत तर कुठे नव्वद, कुठे एकशेदहा. दहा टक्के फरक, आणि पाऊस सगळीकडे सारखाच होता! आता सर जोरात आली, दर फरशीवर दहा हजार थेंब. आता फरक साधारण शंभराचा, म्हणजे एकच टक्का. किरणांचंही असंच. किरण कमी तर फोटो दाणेदार, जास्त तर गुळगुळीत. पण हिशेब वर्गमुळाचा आहे. दाणे निम्मे करायचे तर किरण दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागतात. चौपट रेडिएशन देऊन फोटो फक्त दुप्पट गुळगुळीत.

आणि फरश्याच लहान केल्या तर? हाय डेफिनिशन म्हणजे तेच. सीबीसीटीमध्ये जबड्याचे बारीक घन तुकडे पाडलेले असतात. तुकड्याची बाजू ०.४ मिलिमीटरवरून ०.२ केली की तुकड्याचं घनफळ आठव्या हिश्श्यावर येतं. त्याच पावसात प्रत्येकाच्या वाट्याला थेंबही आठवा हिस्सा. दाणे जवळजवळ तिप्पट. मग ते लपवायला मात्रा वाढवा, मशीन सावकाश फिरवा, फोटो जास्त घ्या. म्हणून एचडी मोडमध्ये वेळ जास्त लागतो. आमच्या मशीनला साध्या मोडपेक्षा दुप्पट लागत होता.

फोटोचं झालं. आता मात्रेकडे येते, कारण तिथे आकड्यांचा बराच गोंधळ आहे.

आपण सगळे जन्मभर थोड्याशा रेडिएशनमध्येच राहतो. जमिनीतून येतं, आकाशातून येतं, खाण्यातून येतं. जगाची सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट धरतात, म्हणजे रोजचे साडेसहा मायक्रोसिव्हर्ट. एका दाढेचा छोटा एक्स-रे म्हणजे साधारण या एखाद्या दिवसाएवढं. ओपीजी म्हणजे थोडे दिवस. यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि घाबरून एक्स-रे टाळून मुळाशी पू साठवून घेतलेले लोक मी पाहिलेत.

सीबीसीटीचं मात्र तसं एका वाक्यात सांगता येत नाही. युरोपात सेडेंटेक्ससीटी नावाचा मोठा प्रकल्प झाला, त्याची मार्गदर्शक तत्त्वं २०१२ साली आली. त्यांनी तोवरची मापं गोळा केली तेव्हा फक्त दात आणि जबड्याच्या स्कॅनसाठी ११पासून ६७४ मायक्रोसिव्हर्टपर्यंत आकडे निघाले. चेहऱ्याचा मोठा भाग घेणाऱ्या स्कॅनसाठी ३०पासून १०७३पर्यंत. म्हणजे एकीकडे दोन दिवसांचं नैसर्गिक रेडिएशन, दुसरीकडे साडेपाच महिन्यांचं, आणि दोघांनाही आपण म्हणतो "सीबीसीटी काढला". मशीन कुठलं, क्षेत्र केवढं, मोड कोणता, सगळा फरक त्यात.

हे आकडे येतात कुठून, तर आमच्या त्या डोक्यासारख्या डोक्यांमधून. आमच्याकडचं डोकं म्हणजे खऱ्या माणसाची कवटी, भोवती मांसासारखा पदार्थ, आणि पावाच्या स्लाइससारखे आडवे काप. कापांमध्ये भोकं, भोकांत किरण साठवून ठेवणारे इवलेसे तुकडे. एक्स-रेवाल्यांच्या खिशाला जो टीएलडी बॅज असतो, त्याच जातीचे. थायरॉइडच्या जागी काही, लाळेच्या ग्रंथींच्या जागी काही, डोळ्यांच्या, मेंदूच्या. स्कॅन काढायचा, तुकडे काढून तापवायचे, बाहेर पडणारा प्रकाश मोजायचा. मग प्रत्येक अवयवाच्या नाजूकपणाचं वजन लावून बेरीज. एका मशीनच्या एका मोडसाठी दिवस जातो. डोक्याचा चेहरा मला आता पाठ झालाय.

यातली एक गंमत सांगते. १९९०च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत लाळेच्या ग्रंथींना वेगळं वजन नव्हतं. २००७च्या शिफारशींत ते दिलं गेलं. अमेरिकेतल्या संशोधकांनी दातांच्या नेहमीच्या एक्स-रेंचा हिशेब नव्या पद्धतीने पुन्हा मांडला, तर परिणामकारक मात्रा ३२ टक्क्यांपासून ४२२ टक्क्यांपर्यंत वाढलेल्या निघाल्या. मशीन तेच, किरण तेच, फक्त आपलं ज्ञान बदललं. कुणी "आमच्या मशीनचं रेडिएशन अमुकच आहे" असं ठासून सांगितलं की मी विचारते, कुठल्या सालच्या हिशेबाने?

आणि धोका? सध्या वापरतात त्या गणिताप्रमाणे शंभर मायक्रोसिव्हर्ट म्हणजे साधारण दोन लाखांत एकाला पुढे कधीतरी त्यामुळे कॅन्सर होण्याची शक्यता. हे गणित आहे, कुणी डोकी मोजलेली नाहीत. पण वयाप्रमाणे ते बदलतं. तीस वर्षांच्या माणसाला एक धरलं तर दहा ते वीस वयाच्या मुलाला दुप्पट, दहाच्या आतल्याला तिप्पट. साठीच्या माणसाला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. माझ्या आईला इम्प्लांटसाठी स्कॅन सांगितला तर मी फार विचारत बसणार नाही. भाचीच्या वेळी विचारायला हवं होतं.

इथे कायदा काय करतो, हा प्रश्न येतो. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक परिषद आहे, एईआरबी. १५ नोव्हेंबर १९८३ला स्थापन झाली, कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला. मशीन विकण्याआधी त्यांची मान्यता लागते, दवाखान्याने ई-लोरा या ऑनलाइन व्यवस्थेत नोंद करावी लागते, ठरावीक काळाने मशीनची तपासणी लागते. किलोव्होल्ट सांगितले तेवढेच येतात का, टायमर बरोबर आहे का, झाकणातून किरण गळतात का. मशीन चालवणाऱ्यांसाठी मर्यादा आहे: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, एका वर्षात ३०च्या वर नाही. शेजारच्या दुकानदारासाठी आहे: वर्षाला एक. पेशंटसाठी मात्र मर्यादा नाही. जगात कुठेच नाही, आणि ते बरोबर आहे, कारण गरज असेल तेवढं द्यावंच लागतं. फक्त 'गरज असेल तेवढं' हे कुणीतरी दरवेळी ठरवावं लागतं.

आमच्या मशीनने सगळ्या तपासण्या पास केल्या होत्या. आजही करेल. बारा वर्षांच्या मुलीला प्रौढ माणसाचा एचडी स्कॅन देणारं मशीन कुठल्याही चाचणीत नापास होत नाही, कारण ते जे सांगितलं तेच अचूक करतं.

मग तो कागद. झालं असं की आमचं मशीन प्रदर्शनांत मागे पडायला लागलं. दातांच्या प्रदर्शनात मशीन शेजारीशेजारी मांडलेली असतात, प्रत्येकाच्या वर मोठा पडदा, पडद्यावर एक जबडा. डॉक्टर लांबूनच बघत जातात. शेजारच्याचा जबडा लोण्यासारखा, आमचा जरा दाणेदार. डीलर परत येऊन म्हणाले, मॅडम, तुमचे आकडे कमी असतील, पण फोटो विकला जात नाही. बैठक झाली. एचडी मोड मशीनमध्ये होताच. ठरलं की सुरू केल्यावर तोच आधी यावा, ज्याला साधा हवा त्याने निवडावा. मी विचारलं होतं, निवडेल कोण? उत्तर आलं, मॅन्युअलमध्ये लिहिलंय. लिहिलं होतं हे खरं. मात्रा परवानगीच्या आत होती हेही खरं. मी सही केली. त्या दिवशी मला ते फार मोठं वाटलंही नाही. घरी जाताना सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये एकदा मनात आलं, आणि ट्रॅफिक सुटल्यावर विसरले.

दोन वर्षांनी मिरजेहून सीडी आली.

त्या दोन स्कॅनमधलं मला सर्वांत जास्त काय लागलं, ते सांगते. मात्रा नव्हे. पहिला स्कॅन पुसट का आला? मूल खुर्चीत बसतं, हनुवटी टेकवतं, डोक्याभोवती मशीन फिरायला लागतं. साध्या मोडमध्ये संपेपर्यंत ते कसंबसं स्थिर राहतं. एचडीमध्ये वेळ दुप्पट, आणि दुसऱ्या अर्ध्यात ते आवंढा गिळतं, मशीनकडे बघायला डोळे आणि डोळ्यांबरोबर मान वळवतं. ०.२ मिलिमीटरची बारकाई पकडायची आणि डोकं एक मिलिमीटर हललंय! म्हणजे जो मोड आम्ही फोटो चांगला यावा म्हणून पुढे आणला, त्यानेच फोटो बिघडवला आणि पुन्हा काढायला लावला. आमच्या खोलीतलं डोकं आवंढा गिळत नाही. त्यामुळे आमच्या सगळ्या आलेखांवर एचडी मोड कायम पहिला यायचा.

आणि तो सुळा? दुसऱ्या स्कॅनमध्ये तो छान दिसत होता. टाळूच्या बाजूला, शेजारच्या मुळापासून थोडा लांब. एवढाच प्रश्न होता. या प्रश्नाला लोण्यासारखा फोटो लागत नाही. मुळाला केसाएवढी भेग आहे का, किंवा दात आणि हाड यांच्यामधली ०.२ मिलिमीटरची फट शाबूत आहे का, असं विचारायचं असेल तर बारकाई हवी, आणि तेव्हाही ती एका दातापुरती हवी. खरं तर बारकाईच्या बाबतीत तोंडात ठेवायचा तो छोटा सेन्सर या लाखो रुपयांच्या मशीनच्या कितीतरी पुढे असतो, हे अनेकांना माहीत नसतं.

मी नंतर आमच्याकडे सल्लागार म्हणून येणाऱ्या एका दंतवैद्यांना एकाच कवटीचे चार फोटो दाखवले. चार वेगळ्या मात्रांचे, नावं झाकलेली. विचारलं, कुठला सुंदर? त्यांनी सर्वांत जास्त मात्रेचा उचलला, डोळे मिटून उचलावा तसा. मग विचारलं, सुळा कुठे आहे हे कुठल्या फोटोंत सांगता येईल? ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, चारही. एका माणसाचं मत म्हणजे पुरावा नाही, मी शास्त्राची आहे, मला कळतं. पण बैठकीत मी आलेख बाजूला ठेवला आणि हेच केलं. तेच चार फोटो, तेच दोन प्रश्न, त्याच क्रमाने.

आमच्या क्षेत्रात पूर्वी म्हणायचे की मात्रा शक्य तितकी कमी ठेवा. २०१४च्या सुमारास त्यात दुरुस्ती सुचवली गेली: निदानाला पुरेल इतकी कमी. नंतर युरोपातल्या एका प्रकल्पाने आणखी जोडलं: कशासाठी काढतोय आणि कुणाचा काढतोय ते बघून. ऐकायला शब्दांचा खेळ वाटतो. पण पहिल्या व्याख्येत मी फक्त मात्रा मोजत होते, दुसरीत मात्रा आणि फोटो, आणि तिसरीत मला भाची दिसते. फॅन्टमला वय नसतं आणि त्याला काही विचारायचंही नसतं.

डीलर तेव्हाही तयार नव्हते, आजही पूर्ण नाहीत. त्यांचं म्हणणं मी खोटं म्हणत नाही. दाणेदार फोटो बघून डॉक्टर म्हणतो मशीन खराब, सर्व्हिसवाला जातो, आणि तक्रार मिटवायचा सोपा उपाय म्हणजे मिलिअँपिअर वाढवून येणं. तक्रार मिटते. मात्रा तिथेच वर राहते, वर्षानुवर्षं, आणि तिची तक्रार कुणी करत नाही, कारण ती दिसत नाही.

शेवटी जे झालं ते असं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये जन्मतारीख टाकल्याशिवाय स्कॅन सुरू होत नाही, आणि वय कमी असलं की लहान मुलाचाच मोड येतो. क्षेत्र लहानच येतं, मोठं हवं तर वाढवायचं. एचडी हवा तर वेगळं बटण दाबावं लागतं, आणि दाबल्यावर मात्रा किती पटीने वाढेल ते पडद्यावर दिसतं. त्या शेवटच्या ओळीवरून तीन बैठका झाल्या. कुणालाच आपल्या मशीनवर तो आकडा नको होता.

आता तुमच्यापैकी काहींना वाटत असेल, हे सगळं मशीनवाल्यांचं, आम्ही काय करायचं? दवाखान्यात लोक हटकून शिशाचा एप्रन मागतात. नियमाप्रमाणे देतील तो जरूर घाला. पण २०२४च्या फेब्रुवारीत अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या तज्ज्ञ समितीने एप्रन आणि गळ्याचा पट्टा सरसकट वापरणं थांबवा असं सांगितलं, आणि भर दिला तो किरणांचा झोत आवरण्यावर. कारण साधं आहे. एप्रन पोटावर असतो, आणि किरण तोंडावर. छोट्या एक्स-रेच्या गोल नळीचा व्यास सहा सेंटीमीटर असतो, म्हणजे अठ्ठावीस चौरस सेंटीमीटरचा झोत. मागचा सेन्सर तीन बाय चार, म्हणजे बारा. निम्म्याहून जास्त किरण सेन्सरला चुकवून गालात आणि गळ्याकडे जातात, कुठलाही फोटो न काढता. नळीच्या तोंडाला सेन्सरच्या आकाराची चौकोनी चौकट लावली की ते थांबतं. किती दवाखान्यांत पाहिलीत? आणि अजूनही कुठे "फिल्म बोटाने धरा" म्हणतात तिथे तुमचं बोट फुकट झोतात जातं. तेवढ्यासाठी होल्डर मिळतो.

सीबीसीटी असेल तर मी स्वतः तीन गोष्टी विचारते, आणि विचारताना आवाज चढवत नाही. आधीचा स्कॅन आहे, तो चालेल का? फक्त या दातापुरता काढता येईल का? मूल असेल तर, लहान मुलाचा मोड लावलाय ना? बहुतेक ऑपरेटर उलट खूश होतात, की कुणीतरी मशीनबद्दल विचारलं. एकजण मात्र म्हणाला, मॅडम, फोटो खराब आला तर डॉक्टर मला ओरडतील. त्याचंही बरोबर होतं.

भाचीचा सुळा दीड वर्षाने खाली आला. आधी हिरडी उघडून त्याला साखळी लावली, मग तारा लावून हळूहळू ओढत आणला. आता हसते तेव्हा कळतसुद्धा नाही. मध्ये एकदा डॉक्टरांनी पुन्हा स्कॅन म्हटलं, तेव्हा तिनेच विचारलं, लहान क्षेत्राचा चालेल का, माझी मावशी विचारायला सांगते. डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि साध्या छोट्या एक्स-रेवर भागवलं.

नवं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर आहे. जुन्या मशीनवर ते घालायला सर्व्हिसवाल्याला प्रत्येक गावी जावं लागतं, आणि दवाखान्याने तेवढा वेळ मशीन बंद ठेवावं लागतं. यादी माझ्या टेबलावर आहे. मिरजेचं झालं. यादी अर्ध्याच्या थोडी पुढे गेलीय. सोमवारी बेळगाव आणि गोव्याकडची आठ मशीन आहेत, त्यासाठी माणूस निघतोय.

मला एवढंच सांगायचं होतं. आता तुमचे प्रश्न घेते. मागच्या रांगेत एक हात दिसतोय, बोला.